शिकवीन, पण करून देणार नाही

माझ्या शर्टाचं पोटावरचं बटण तुटलं, म्हणून कर्णिकबाईंची आणि माझी ओळख झाली.

बडोद्यात निजामपुऱ्याकडच्या एका गुजराती शाळेत मी गणित शिकवायला नुकताच लागलो होतो. फळ्यावर वर्तुळ काढायला हात वर केला आणि बटण उडून थेट पहिल्या बाकावर. एका मुलीने हसू दाबत ते मला आणून दिलं. स्टाफरूममध्ये येऊन मी विचारलं, सुई-दोरा कुणाकडे मिळेल? सगळ्यांनी एकदम गृहविज्ञानाच्या खोलीकडे बोट दाखवलं. बोट दाखवताना सगळे हसत का होते, ते मला तिथे गेल्यावर कळलं.

खोलीत एक उंच, सडसडीत बाई ओट्याशी उभ्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात लोंबतोय. मी बटण दाखवलं. त्यांनी एक फुलाफुलांचा अॅप्रन माझ्याकडे फेकला आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "शर्ट काढा, हा घाला." मी आज्ञेप्रमाणे केलं आणि शर्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी शर्ट घेतलाच नाही. सुई माझ्या हातात दिली.

"करून देणार नाही. शिकवीन."

"अहो, पण मला तास आहे."

"मग लवकर शिका ने!"

तर मी असा फुलाफुलांचा अॅप्रन घालून स्टुलावर बसलोय, जीभ बाहेर काढून सुईत दोरा ओवतोय, आणि दारात शाळेचे ट्रस्टी हसमुखभाई उभे. मकरपुऱ्यात त्यांचा व्हॉल्व्हचा कारखाना, शाळेवर त्यांच्या आजोबांच्या नावाची पाटी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, तमे कया विषयना?" मी म्हटलं, गणिताचा. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि पुढे गेले. त्या वर्षी माझी पगारवाढ का रखडली हे मला आजवर कुणी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे.

बटण मात्र अजून टिकून आहे. शर्ट फाटला, बटण नाही.

शालिनी कर्णिक हे त्यांचं पूर्ण नाव. घराणं जुनं बडोद्याचं, आजोबा संस्थानच्या नोकरीत होते म्हणे. पण हे मला दुसऱ्यांकडून कळलं. स्वतः बाई घराण्याबद्दल अवाक्षर काढत नसत. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "घरकाम शिकवायचा पगार मिळतो, तेच फुकट कशाला करू?" विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

आता गृहविज्ञान म्हटलं की शाळेत काय समजतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्या मुलीला गणित झेपत नाही, विज्ञान झेपत नाही, आणि जिच्या आईला ती घरात पायात पायात नको असते, तिला गृहविज्ञान. पालक येऊन सांगत, "बेन, आने तो परणाववानी ज छे," म्हणजे हिला तर उजवूनच टाकायची आहे. बाई शांतपणे विचारत, "कुणाशी?" पालक गोंधळत. "नाही, जावई काय काय शिकलाय ते विचारतेय. त्यालाही पाठवा ने. दोघांचं एकदमच उरकू."

बेन वरून आठवलं. गुजराती शाळेत शिक्षिकेला बेन म्हणतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. कर्णिकबाईंना बेन चालत नसे. मेडमही नाही. "बाई म्हणा." गुजराती घरात बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. पहिल्याच दिवशी एका मुलीची आई तावातावाने आली. "टीचरने ते बाई कहेवाय?" तिला वाटलं पोरगी उद्धट झाली.

बाई म्हणाल्या, "आमच्या मराठीत शिकवणाऱ्या बाईलाही बाई म्हणतात आणि भांडीवाल्या बाईलाही बाई. एकच शब्द आहे. एक दिवस ती आली नाही तर तुमच्या घरात काय होतं? आणि मी आले नाही तर काय होतं?"

त्या आईने क्षणभर विचार केला. प्रामाणिक बाई होती. म्हणाली, "तमे न आवो तो... कंई नहीं."

"बघा! मग टीचर आणि बाई, यात मोठा शब्द कुठला झाला?"

तेव्हापासून सगळी शाळा त्यांना बाई म्हणू लागली. एक हसमुखभाई सोडून. बाई शाळेत होत्या तोवर ते मेडमच म्हणत, कारण त्यांच्या घरी बाई होती आणि तिच्याशी ते कधी बोलत नसत.

बाईंचा 'अंदाज' या शब्दावर फार राग. "अंदाजे मीठ, अंदाजे पाणी. अंदाज म्हणजे आळसाचं माहेरचं नाव!" त्यांच्या वर्गात वाट्या, चमचे, तराजू, घड्याळ. भात करायचा तर प्रयोगशाळेत ऍसिड मोजावं तसं पाणी मोजायचं. पदार्थ झाला की बाई चष्मा काढत, डोळे मिटत, आणि एकच चमचा तोंडात घालत. मग निकाल. "मीठ कमी." "फोडणी जळली." "हिंग घालायचा असतो, दाखवायचा नसतो." आणि बरोबर जमलं असेल तर काहीच नाही, नुसतं "पुढे चला." मुली त्या "पुढे चला"साठी जीव टाकत.

तो एकच चमचा. त्यापलीकडे बाईंना काही खाताना मी कधी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये आम्ही डबे एकमेकांत फिरवत असू, कुणाची भाकरी, कुणाचा हांडवो, कुणाचं काल रात्रीचं उरलेलं. बाई आपला डबा खोलीत एकट्याने खात. त्यांना कुणी वाढलेलं चालतच नसे. एकदा प्रिन्सिपॉलबेननी वाढदिवसाच्या जेवणात आग्रहाने त्यांच्या ताटात जिलेबी घातली, तर त्यांनी ती उचलून परत वाढपाच्या ताटात ठेवली. "मला हात आहेत ने." प्रिन्सिपॉलबेन आठवडाभर फुगल्या होत्या.

शाळेला मात्र बाईंचे हात नको होते असं नाही. उलट! पाहुणे आले की पहिला निरोप गृहविज्ञानाला. हसमुखभाईंचे सगळे मित्र 'पाहुणे' असत, आणि सगळ्यांना शाळा बघायची असे, आणि ती बघताना भूक लागत असे. शिपाई येऊन सांगे, "साहेब कहे छे, जरा चा-नाश्तानुं जोई लेजो ने. ने छोकरीओने कंकु लईने ऊभी राखजो." म्हणजे मुलींनी तास बुडवून पोहे करायचे, मग साड्या नेसून दारात कुंकू घेऊन उभं राहायचं. याला शाळेच्या वार्षिक पुस्तिकेत 'प्रात्यक्षिक' म्हणत.

एकदा वरून तपासणीला तीन साहेब यायचे होते. शिपाई निरोप घेऊन आला. बाई म्हणाल्या, "हो, हो, सगळी तयारी आहे म्हणावं." मला आश्चर्य वाटलं, म्हणून मी मुद्दाम त्या वेळी वह्या घेऊन त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. तपासणी मला बघायची नव्हती हो, बाई बघायच्या होत्या.

तिघे साहेब आले, हात चोळत, वास घेत. टेबलावर कापायच्या तीन फळ्या, तीन सुऱ्या, कांदे, आणि कच्चे पोहे. मुली बाकावर नीट बसलेल्या, कुणाच्या हातात कुंकू नाही. बाई म्हणाल्या, "या, बसा. आज पोह्यांचा तास आहे. वर्ग चालू असताना मुलींना उठवून नाश्ता करायला लावणं नियमात बसत नाही, तुम्हीच तपासता ने हे? म्हणून आज विद्यार्थी तुम्ही." आणि तीन अॅप्रन फेकले.

साहेबांना नाही म्हणता येईना. भूकही होती. हसमुखभाई दारात घाम पुसत उभे. मोठ्या साहेबांनी कांद्याऐवजी बोट कापलं, तेव्हा बाईंचा चेहरा उजळला. "मुलींनो, प्रथमोपचाराचा धडा उघडा!" साऱ्या वर्गाने आळीपाळीने साहेबांच्या बोटाला पट्टी बांधली आणि सोडली आणि पुन्हा बांधली. शेवटी साहेबांनी पोहे खाल्ले, स्वतः केलेले, आणि जाताना शेरा लिहून गेले की प्रात्यक्षिकावर चांगला भर आहे. हसमुखभाईंना वाटलं आपली खरडपट्टी निघणार, पण शेरा चांगला आला. त्यामुळे त्यांना बाईंचा राग दुप्पट आला. माणसाला चुकीचं ठरवून वर त्याचा फायदा करून दिला, तर तो कधी क्षमा करत नाही.

मग रोबोटिक्स आलं.

आमच्याकडे सगळं उशिरा येतं पण जोरात येतं. पलीकडच्या शाळेने रोबोटिक्स लॅब काढली, तर आपल्याकडे का नको? खोली कुठून आणायची? पाण्याचा नळ असलेली, मोठी, हवेशीर खोली एकच होती. मिटिंगमध्ये हसमुखभाई म्हणाले, "आ जमानामां रांधतां तो मोबाइल शीखवाडे." रांधायला मोबाइल शिकवतो, बाई कशाला हवी? सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असती, पण बाई माझ्याकडे बघत होत्या.

"विषय का बंद करायचा?" बाईंनी विचारलं.

"मुली घटतायत ने, मेडम."

"मग मुलगे घ्या."

हसमुखभाई असे हसले की त्यांच्या पोटाखालचं टेबल हललं. "छोकराओ? गृहविज्ञानमां?" मग उदार होऊन म्हणाले, "चालो, दिवाळीपर्यंत वर्गभर छोकरा भरून दाखवा. आम्ही स्वतः येऊन परीक्षा घेऊ. पास झाले तर खोली तुमची."

बाई उठल्या. त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. ओट्यावरून हात फिरवत उभ्या होत्या. म्हणाल्या, "दिघेसर, ही खोली गेली ने, तर मी उद्यापासून कोण?" मी म्हटलं, होईल काहीतरी. असं म्हणण्यात आम्ही मराठी लोक पटाईत.

पण बाईंनी काहीतरी केलंच. दुसऱ्या दिवशी नोटीसबोर्डावर एक कागद. वर मोठ्या अक्षरात 'कॅनडा', आणि खाली बारीक अक्षरात 'भात, खिचडी, बटण, इस्त्री, बाथरूम साफ करणे.'

बडोद्यात अकरावी-बारावीतल्या मुलाला विचारा, पुढे काय? निम्मे सांगतील, केनेडा. चौकाचौकात इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास, भिंतीभिंतीवर व्हिसाच्या जाहिराती. पोरं जातात, आणि महिन्याभरात फोनवर रडतात. हसमुखभाईंच्या थोरल्याचंच तसं झालं होतं. इथून कुरियरने थेपले जात होते. आई इथे थेपले लाटतेय आणि मुलगा तिथे, कुकरची शिट्टी झाली की खोलीबाहेर पळतोय. हे साऱ्या शाळेला माहीत होतं. बाईंनी ते नुसतं बोर्डावर लावलं, नाव न घेता.

आठवड्यात वर्ग भरला. मुलगे काही विषयाच्या प्रेमाने आले नव्हते, जीव वाचवायला आले होते. बाईंना त्याचं काही नव्हतं. "भूक लागली की प्रेम येतं," म्हणत आणि मोजायला लावत. पोरांनी किती भांडी जाळली म्हणता! एकाने इस्त्रीखाली वडिलांकडून मागून आणलेली टाय जाळली. पण पुढेपुढे मी वर्गावरून जायचो तेव्हा आतून तराजूचा आवाज आणि फोडणीचा वास यायचा, आणि बाईंचं "पुढे चला" मधूनमधून ऐकू यायचं. बाई तेव्हा किती खुशीत असत! चक्क गुणगुणत असत.

परीक्षेचा दिवस आला. हसमुखभाई, आणखी दोन ट्रस्टी, प्रिन्सिपॉलबेन. विषय खिचडी. बाईंनी फळ्यावर गुजरातीत कृती लिहिली, कारण वर्ग गुजराती. तांदूळ इतके, मुगाची डाळ इतकी, पाणी इतकं, आणि शेवटी सवयीप्रमाणे 'मीठुं', प्रमाण एक चमचा. मीठुं म्हणजे मीठ. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना त्यात काही विचार करावा लागत नाही.

पण परीक्षेला पुढे बसवला होता विवेक. बिहारचा, वडील रिफायनरीत, गुजराती नुकतीच शिकत असलेला, वर्गातला सगळ्यात नेटका मुलगा. त्याच्या घरी मीठा म्हणजे गोड. रोज त्याच्या जोडीदाराने मीठ घातलेलं, त्यामुळे आजवर निभावलं होतं. आज परीक्षा, जोडीदार नाही. विवेकने फळा वाचला, साखरेचा डबा उचलला आणि नीट सपाट मोजून चमचाभर साखर खिचडीत घातली.

खिचडी झाली. छान दिसत होती. हसमुखभाईंनी पहिला घास घेतला. डोळे मोठे झाले. "वाह! बहु सरस!" दुसऱ्या ट्रस्टींनीही घेतला. "खीचडी तो आवी ज होय!" प्रिन्सिपॉलबेननी दुसऱ्यांदा मागितली. मला चमचाभर मिळाली आणि मी चाट पडलो. अहो, खिचडीत मिठाचा पत्ता नाही, वर साखर! आणि हे तिघे तोंडभर कौतुक करतायत. आमच्या गुजराती बांधवांच्या जिभेपुढे मी तेव्हा हात टेकले. मग एकदम लक्षात आलं, अरे, म्हणजे पास! खोली वाचली!

हसमुखभाई टाळी वाजवायला उठले. बाईंनी चष्मा काढला, डोळे मिटले, एक चमचा तोंडात घातला.

मी मनातल्या मनात त्यांना ओरडत होतो, पुढे चला म्हणा, बाई, आज एकदा म्हणा.

"नापास," बाई म्हणाल्या. "मीठ नाही. साखर पडलीय."

विवेकचा चेहरा उतरला. हसमुखभाई म्हणाले, "अरे, पण आम्हाला तर आवडली ने!"

"तुम्हाला आवडली म्हणून ती खिचडी होत नाही. तिकडे हा एकटा असेल, ताप आला असेल, तेव्हा कोण सांगणार त्याला?" मग विवेककडे वळून हिंदीत म्हणाल्या, "गलती तुम्हारी नहीं, मेरी. एक शब्द के दो मतलब होते हैं, मैंने बताया नहीं. फिर से करो." आणि ट्रस्टींना म्हणाल्या, "बसा. अर्ध्या तासात होईल."

ट्रस्टींना अर्धा तास नव्हता. हसमुखभाईंना तर हवाच होता तो शब्द. "मेडम, तमे ज नापास कह्युं," म्हणाले आणि निघाले. विवेकने दुसऱ्यांदा खिचडी केली. बाईंनी चाखली. "पुढे चला." पण तोवर ऐकायला विवेक आणि मी, आम्ही दोघंच होतो.

मला त्यांचा असा राग आला! मी म्हटलं, काय मिळवलंत? त्या ओटा पुसत होत्या. "दिघेसर, तुम्ही पोराला खोटं उत्तर बरोबर म्हणून देता का? मग."

खोली गेली. ओटा फोडला, नळ काढला. आत एक रोबोट आला, कंबरेएवढा, निळ्या डोळ्यांचा. खूप खटपटीनंतर त्याला एक काम जमलं. पाहुणे आले की तो हातात ट्रे घेऊन चहा आणतो. निम्मा बशीत सांडतो, पण आणतो. म्हणजे बघा, एवढं विज्ञान करून शेवटी शाळेने पाहुण्यांना चहा देणारं कुणीतरी मिळवलंच, आणि ते उलट उत्तर देत नाही.

बाईंना उरलेला काळ बदली तासांवर पाठवलं. त्या बदली तासाला बटण लावायला शिकवत. मग निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात हसमुखभाई मेडमविषयी बराच वेळ बोलले. बाईंनी शाल घेतली, आणि तिची घडी चुकली होती ती तिथेच नीट केली.

त्यानंतर वर्षभराने मी त्यांच्याकडे गेलो, माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. निजामपुऱ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार उघडंच. बाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, पादरा गावी भाचीकडे गेल्या असताना जिन्यावरून पडल्या होत्या. खुर्चीत बसलेल्या. आणि स्वयंपाकघरात, फुलाफुलांचा अॅप्रन घालून, हसमुखभाई!

मी दारातच थांबलो. त्यांनी मला पाहिलं आणि ओशाळून हसले. "मारी वाइफ केनेडा गई छे ने, दीकराने त्यां." मुलाकडे बाळ झालं होतं, सहा महिने बायको तिकडे. भांडीवाली बाई गावी गेलेली. घरात कारखान्याचा मालक, आणि गॅस पेटवता येत नाही. मोबाइलने बरंच शिकवलं म्हणे, पण मोबाइल चाखून बघत नाही.

ते आत वळले तसं मी बाईंच्या जवळ जाऊन दबक्या आवाजात बोललो. मला राहवलं नाही. "बाई, या माणसाने तुमची खोली घेतली. आणि तुम्ही यांना खिचडी शिकवताय?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पुन्हा तुटकं बटण घेऊन आलोय.

"मग काय, करून देऊ?"

हसमुखभाई ताटली घेऊन बाहेर आले. दोन्ही हातांनी धरलेली. एवढा मोठा माणूस, पण तोंडावर परीक्षेचा घाम. "बाई," म्हणाले. मी दचकलो. इतक्या वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "बाई, मीठुं बराबर छे?"

बाईंनी डाव्या हाताने चष्मा काढला, डोळे मिटले, एक चमचा तोंडात घातला. हसमुखभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

बाईंनी डोळे उघडले. "पुढे चला" म्हणाल्या नाहीत. त्यांनी चमचा पुन्हा ताटलीत घातला. आणि मग पुन्हा. सावकाश, डाव्या हाताने, सांडत, सगळी ताटली त्यांनी खाल्ली, आम्ही दोघं उभे असताना.

मग त्यांनी रिकामी ताटली हसमुखभाईंपुढे धरली.

"अजून थोडी वाढा," बाई म्हणाल्या.